ग्रह रेखीव दिसण्यासाठी भिंगाची दुर्बीण की आरशाची? कोकण किनाऱ्यावरील अनुभव हवेत

हर्णै किनारा

नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे आणि या पावसाळ्यानंतर ग्रह पाहण्यासाठी एक चांगली दुर्बीण घ्यायचे नक्की केले आहे. फोटो काढायचे नाहीत. नेत्रिकेला डोळा लावून गुरूचे पट्टे, शनीची कडी, चंद्रावरची विवरे आणि जोडतारे पाहायचे, एवढाच हेतू आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) येईल, तोवर हात बसलेला असावा अशी इच्छा आहे.

माझ्यासमोर पाच पर्याय आहेत: १०२ मिमी व्यासाची ईडी (रंगांची किनार कमी करणाऱ्या) काचेची भिंगाची दुर्बीण, १५० मिमी एफ/८ (केंद्रांतर व्यासाच्या आठपट) न्यूटोनियन म्हणजे साधी आरशाची दुर्बीण, २०० मिमी एफ/६ न्यूटोनियन (दोन्ही डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवर), आणि आरसा व भिंग एकत्र असलेल्या दोन: १२७ मिमीची माकसुतोव्ह आणि २०० मिमीची श्मिट-कॅसेग्रेन. सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळते की, व्यास सारखा असेल तर भिंगाची दुर्बीण सर्वांत रेखीव प्रतिमा देते. परंतु माझ्यासमोरच्या दुर्बिणींचे व्यास सारखे नाहीत, आणि आमची हवाही त्या लिहिणाऱ्यांच्या हवेसारखी नाही. जाणकारांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

काचकाम

हर्णै किनारा, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी चिपळूणला राहतो आणि आरसे घासण्याचा मला नाद आहे, त्यामुळे माझा कल आरशाकडे असणार हे धरूनच वाचावे.

रेखीवपणा आणि उठाव (छटांमधला फरक स्पष्ट दिसणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी जवळचे दोन तारे सुटे दिसणे हे केवळ व्यासावर अवलंबून असते. ११६ ला मिलिमीटरमधील व्यासाने भागले की विकलांमधील (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) मर्यादा मिळते: १०० मिमीला १.१६ विकला, १५० मिमीला ०.७७ आणि २०० मिमीला ०.५८. येथे दुर्बिणीची जात आड येत नाही. गुरूच्या पट्ट्यातून खाली उतरणारी निळसर झालर किंवा मंगळावरचा फिकट डाग दिसणे ही मात्र वेगळी बाब आहे, कारण तेथे शेजारशेजारच्या दोन छटांमध्ये मुळातच फरक थोडा असतो आणि दुर्बिणीने तो पुसून टाकता कामा नये.

हा फरक पुसला कसा जातो? ताऱ्याची प्रतिमा बिंदू नसते. मध्ये एक लहान चकती आणि भोवती फिकट कडी असतात. निर्दोष भिंगात सुमारे ८४ टक्के प्रकाश मधल्या चकतीत राहतो. आरशाच्या दुर्बिणीत प्रकाश नेत्रिकेकडे वळवणारा लहान, दुय्यम आरसा वाटेत येतो आणि त्यामुळे काही प्रकाश चकतीतून निघून कड्यांमध्ये जातो. दुय्यम आरसा मुख्य आरशाच्या व्यासाच्या २० टक्के असेल तर चकतीत सुमारे ७६ टक्के उरतो, ३० टक्के असेल तर सुमारे ६८. ग्रहाचे बिंब अशा असंख्य बिंदूंचे बनलेले असते, म्हणून प्रत्येक बिंदूचा सांडलेला प्रकाश शेजारच्या छटेवर पडतो आणि चित्र धुतल्यासारखे होते.

यावर एक जुना ठोकताळा आहे: मुख्य व्यासातून दुय्यम आरशाचा व्यास वजा करा, उरेल तेवढ्या व्यासाच्या निर्दोष भिंगाइतका उठाव मिळतो. १५० मिमी एफ/८ मध्ये दुय्यम आरसा साधारण ३५ मिमीचा असतो, उरतात ११५. २०० मिमी एफ/६ मध्ये ५० मिमी धरला तर उरतात १५०. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये अडथळा ३४ टक्क्यांच्या आसपास असल्याने २०० मिमीचे १३२ होतात. माकसुतोव्हचा अडथळा एक तृतीयांश धरला तर १२७ चे ८५ उरतात. हा ठोकताळा आरशाच्या बाबतीत जरा कठोरच आहे आणि फक्त मध्यम आकाराच्या, फिकट तपशिलांना लागू पडतो. तरीही, इतका कठोर हिशेब करूनही १५० मिमीचा साधा न्यूटोनियन १०२ मिमीच्या भिंगापुढे कमी पडत नाही, हे लक्षात घ्यावे.

स्वाती नक्षत्र

काचकाम यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो निर्दोष आरसा आणि निर्दोष जुळणी (आरसे एका रेषेत अचूक बसलेले असणे) गृहीत धरतो. मालवणला माझ्याकडे १०० मिमीची ईडी दुर्बीण आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आरशावरचा एखादा उंचवटा परावर्तित लहरीत दुप्पट होऊन येतो, तर भिंगाच्या पृष्ठभागावरचा तेवढाच उंचवटा साधारण निम्मा होऊन जातो. म्हणजे तोच दर्जा गाठायला आरसा भिंगापेक्षा सुमारे चौपट काटेकोर घासावा लागतो. स्वस्त आरशांवर बारीक खडबडीतपणा राहतो आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. तो कोणत्याही अडथळ्याच्या टक्केवारीत दिसत नाही, पण चंद्राच्या कडेलगतचे आकाश काळे आहे की राखाडी यावरून लगेच कळतो. माझ्या दुर्बिणीत ते आकाश काळे असते.

दुसरा दाखला ज्येष्ठा ताऱ्याचा देते. त्याचा जोडीदार अडीच विकलांहून किंचित जास्त अंतरावर आहे आणि मुख्य ताऱ्यापेक्षा चार प्रतींहून (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप) अधिक मंद आहे. लंडनहून ज्येष्ठा जेमतेम १२ अंश वर येते. मालवणहून ती ४७ अंशांपर्यंत चढते, हे आपले भाग्य. चार इंची दुर्बिणीत हा जोडीदार पहिल्या तेजस्वी कड्याच्या थोडासा बाहेर पडतो. मार्चच्या पहाटे हवा शांत असली की तांबूस चकती, तिच्याभोवती एकच बारीक कडे आणि त्या कड्याच्या पश्चिमेला अगदी चिकटून हिरवट कण, असे दृश्य मला मिळालेले आहे. दुय्यम आरसा असलेल्या दुर्बिणीत हीच कडी उजळतात, आणि उजळलेल्या कड्यापासून हा कण वेगळा ओळखणे अवघड होते.

एक सावधगिरी मात्र सांगते. भिंगाची दुर्बीण म्हणजे कोणतीही भिंगाची दुर्बीण नव्हे. साध्या दोन काचांच्या भिंगात वर्णदोष, म्हणजे प्रतिमेला रंगांची किनार, राहतो. तो सुसह्य व्हायचा तर एफ-अंक इंचांतील व्यासाच्या तिप्पट असावा, असा जुना निकष आहे. चार इंचांना एफ/१२. बाजारात मिळणारी १०० मिमी एफ/५ ही साधी दुर्बीण गुरूभोवती जांभळे वलय दाखवते आणि त्या वलयात उठाव बुडतो. ती घेण्यापेक्षा न्यूटोनियन केव्हाही चांगला.

कातळसडा

मी राजापूरकडचा. २०० मिमीचा डॉब्सोनियन वापरतो. वरची सारी चर्चा दुर्बिणीच्या आत काय घडते याविषयी झाली. माझ्या मते कोकणात निकाल दुर्बिणीबाहेर लागतो.

आमच्याकडे निरीक्षणाला सगळे सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जातात, कारण आकाश मोकळे मिळते. पण तिथला जांभा दगड दिवसभर तापतो आणि रात्री बराच वेळ ती उष्णता सोडत राहतो. संध्याकाळी सड्यावर दुर्बीण लावली तर गुरूचे बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे हलते आणि दोन मुख्य पट्ट्यांपलीकडे काही दिसत नाही. त्याच दुर्बिणीतून, त्याच रात्री, कातळ निवल्यानंतर उत्तरेच्या पट्ट्याच्या कडेवरच्या गाठी सुट्या मोजता येतात. उपग्रहाची सावली बिंबावरून सरकत असेल तर आधी ती धुरकट राखाडी ठिपका असते आणि नंतर टाक्याने पाडल्यासारखी काळी, गोल दिसते. एकाच रात्रीतला हा फरक भिंग आणि आरसा यांच्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

त्यामुळे हर्णै किनारा यांनी आधी जागा निवडावी. सारवलेले अंगण, गवत किंवा पुळण (किनाऱ्याची वाळू) चांगली. फरसबंदी, स्लॅबची गच्ची आणि तापलेला कातळ टाळावा. कौलांच्या छपरावरून दिसणारा ग्रहही टाळावा, कारण कौलांतून निघणारी ऊन हवा नेमकी त्याच वाटेने वर जाते. संध्याकाळी खारे वारे थांबतात आणि मतलई वारे सुरू होतात, त्या मधल्या वेळेपेक्षा मध्यरात्रीनंतरची हवा मला जास्त भरवशाची वाटते. किनाऱ्याचा एक मोठा फायदा म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत देशावरच्या मानाने कमी असते. पुण्याकडच्या मंडळींना मोठा आरसा निववण्यासाठी जितकी वाट पाहावी लागते तितकी आपल्याला पाहावी लागत नाही. दुर्बीण पंख्याखालच्या खोलीत न ठेवता पडवीत ठेवली तर काम आणखी सोपे होते. वातानुकूलित खोलीत मात्र ती मुळीच ठेवू नये, कारण बाहेर आणताच थंड आरशावर दमट हवेचे पाणी साचते.

अक्षांशाचा लाभही मोठा आहे. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीत गुरू आपल्या जवळजवळ डोक्यावरून गेला आणि फेब्रुवारी २०२७ मध्येही तसाच जाईल. डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येतो आणि बिंबाच्या कडांना लाल-निळी किनार लागत नाही. अशा स्थितीत आठ इंची आरशाचा प्रकाश कामी येतो. डोळ्याला छटांमधला फरक भरपूर उजेडात चांगला कळतो. चार इंची दुर्बिणीत २०० पट वर्धन केले की नेत्रिकेतून येणारी प्रकाशाची शलाका अर्धा मिलिमीटर जाडीची उरते, चित्र मंदावते आणि डोळ्यातले तरंगते ठिपके मध्ये येऊ लागतात. आठ इंचीत त्याच वर्धनाला शलाका एक मिलिमीटरची असते. पट्ट्यांचे तपकिरी आणि विटकरी रंग मला तेथेच प्रथम वेगळे ओळखता आले.

ध्रुवमत्स्य

कातळसडा यांच्या जागेविषयीच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. मी अलिबागहून लिहीत आहे. येथे आरसा आणि भिंग एकत्र असलेल्या दुर्बिणींविषयी कोणी बोलले नाही, म्हणून थोडे.

श्मिट-कॅसेग्रेनला लोक मऊ म्हणतात. त्यामागे ३४ टक्क्यांचा अडथळा आहेच, पण बहुतेक वेळा दुय्यम आरशाची जुळणी बिघडलेली असते. हा आरसा मुख्य आरशाची प्रतिमा सुमारे पाचपट वाढवतो, म्हणून त्याच्या तीन स्क्रूंपैकी एकही थोडा सैल झाला तर गुरू एका बाजूला पसरतो. जुळवून घेतली की हीच दुर्बीण चांगले काम देते. माकसुतोव्हची जुळणी सहसा हलत नाही, एफ/१२ च्या आसपास असल्याने साधी नेत्रिकाही तिला चालते, आणि चंद्र व जोडतारे पाहण्यासाठी ती फार सुखाची आहे. मात्र काही १२७ मिमीच्या माकसुतोव्हमध्ये मुख्य आरसा लहान असल्याने प्रत्यक्ष वापरला जाणारा व्यास १२० मिमीच्या आसपासच भरतो, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

या दोन्हींचा कोकणातला शत्रू दहिवर आहे. नळीच्या तोंडाशीच मोठी काच असते, ती थेट आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होते आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तिच्यावर दव धरते. पूर्ण पांढरी होण्याच्या बऱ्याच आधी एक अदृश्य पातळ थर बसलेला असतो, आणि निरीक्षकाला वाटते की आज हवाच खराब आहे. ताऱ्याभोवती मंद प्रभामंडळ दिसू लागले की दव आले असे समजावे. काचेपुढे नळीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबीचे आच्छादन लावावे; साधा काळा फोमही चालतो. डिसेंबर-जानेवारीत एवढ्यावर भागत नाही, काचेभोवती उष्णतापट्टी बांधावी लागते. भिंगाच्या दुर्बिणीलाही हे लागू आहे, फक्त तिचे आच्छादन बहुधा सोबतच येते. न्यूटोनियनचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने तो या त्रासातून बराच सुटतो.

हर्णै किनारा

सर्वांचे मनापासून आभार. आता दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे खिडकीचे गज आणि दाराच्या कड्या खाऱ्या हवेने वर्षा-दोन वर्षांत गंजतात. उघड्या नळीतल्या आरशाचा मुलामा अशा हवेत किती टिकेल? आणि पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, तेव्हा भिंगाचे काय होते?

काचकाम

या दोन शंका माझ्या मते वरच्या सर्व टक्केवारीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

आरशावरचा मुलामा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर संरक्षक थर दिलेला असतो. मीठ आणि ओल एकत्र आले की ते सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि मुलाम्यावर पिनेच्या टोकाएवढे ठिपके पडतात. पण ठिपके पडलेला आरसा वाया गेलेला नसतो. काच शाबूत असते, मुलामा उतरवून पुन्हा चढवता येतो आणि आरसा पूर्ववत होतो. वापरानंतर लगेच झाकण लावू नये. नळी आडवी ठेवून ओल उडू द्यावी आणि मगच दोन्ही टोके बंद करावीत. धूळ बसली तरी वारंवार पुसू नये. खारट थर दिसू लागला तर आरसा बाहेर काढून आधी भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावा, मग भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून कापसाच्या बोळ्याने, बोळ्याच्या वजनापलीकडे दाब न देता, एकाच दिशेने फिरवावे. बोळा प्रत्येक वेळी नवा घ्यावा. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन आरसा उभा करून निथळू द्यावा. विहिरीच्या पाण्याने शेवट करू नये, क्षारांचे डाग राहतात.

भिंगाची गोष्ट निराळी आहे. बुरशीची पांढरी जाळी बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर वेळीच पुसता येते, पण दोन काचांच्या मधल्या फटीत शिरली तर घरी काढता येत नाही. काचा सुट्या करून त्यांचा परस्परांतील कोन आणि अंतर जसेच्या तसे परत बसवणे हे कारखान्याचे काम आहे. जास्त दिवस राहिलेली बुरशी मुलामा आणि काच दोन्ही खाते. त्या जाळीने विखुरलेला प्रकाश, स्वाती नक्षत्र यांनी ज्या काळ्या आकाशाचे वर्णन केले, तेच आधी हिरावून घेतो.

स्वाती नक्षत्र

धोका खरा आहे, पण तो अटळ नाही. माझे भिंग वर्षानुवर्षे स्वच्छ आहे. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवते. काटा ५० टक्क्यांवर गेला की जेल तव्यावर परतून कोरडे करते. पूर्वी आमच्याकडे कॅमेऱ्याची भिंगे ठेवण्यासाठी कपाटात छोटा बल्ब तेवत ठेवत, तोही उपाय चालतो. दुर्बीण तिच्यासोबत आलेल्या फोमच्या पेटीत मात्र पावसाळाभर ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. सुमारे १.२ मीटर लांबीचा न्यूटोनियन अशा डब्यात मावणार नाही, याचाही विचार व्हावा.

शिवाय एक गोष्ट आकड्यांत बसत नाही. ढगांच्या मधल्या थोडक्या वेळात माझी दुर्बीण मी उचलून अंगणात ठेवते आणि लगेच पाहू लागते. कोकणात ऑक्टोबरपासून मेपर्यंतच आकाश मिळते, त्यातही धुरकट रात्री असतातच. जी दुर्बीण जास्त वेळा बाहेर येते, तिच्यातूनच डोळा तयार होतो.

कातळसडा

हे मान्य. तरी ग्रहांपुरते बोलायचे तर मी १५० मिमी एफ/८ कडेच बोट दाखवीन, माझ्या २०० मिमीकडेही नाही. एफ/८ आरसा घासायला सोपा असतो, त्यामुळे तो स्वस्तातही बरा मिळतो; जुळणी थोडी चुकली तरी फारसे बिघडत नाही. दृष्टिक्षेत्राचा जो मधला भाग कोमादोषापासून (मध्यापासून दूरची प्रतिमा शेपटीसारखी ओढली जाण्यापासून) मुक्त असतो, तो एफ/८ मध्ये एफ/५ च्या चौपट व्यासाचा असतो. अनुगमन (ग्रहामागे आपोआप फिरण्याची सोय) नसलेल्या डॉब्सोनियनमध्ये ग्रह क्षेत्रातून सरकत राहतो, म्हणून या गोष्टीला फार किंमत आहे.

घेतल्यावर ताऱ्यावर कसोटी जरूर करावी. पुस्तके यासाठी ध्रुवतारा सुचवतात, पण दापोलीहून तो जेमतेम १८ अंशांवर असतो आणि तेथली हवा कधीच स्थिर नसते; त्याऐवजी मघा किंवा प्रश्वा असा उंचावरचा तारा घ्यावा. १५० पटींच्या पुढे जाऊन नेत्रिका स्पष्ट प्रतिमेच्या जागेपासून किंचित बाहेर आणि मग तितकीच आत सरकवावी. दोन्हीकडची वलये एकसारखी आणि समकेंद्री दिसली तर आरसा आणि जुळणी ठीक. वलये एका बाजूला सरकलेली असतील तर जुळणी, त्रिकोणी असतील तर आरसा त्याच्या टेकूंमध्ये आवळलेला, आणि एका बाजूला पिसासारखी फुगून वर चढत असतील तर नळीतली ऊन हवा. नळीच्या आत, नेत्रिकेच्या समोरच्या भिंतीवर, काळे मखमली कापड चिकटवावे. शेजारच्या एलईडी दिव्याचा उजेड तेथूनच नेत्रिकेत शिरतो आणि उठाव कमी करतो.

डॉब्सोनियनची एकच खरी अडचण सांगतो. गुरू अगदी डोक्यावर असताना बैठक फिरवून त्याला पकडणे जड जाते. तो माथ्यावर येण्यापूर्वी किंवा नंतर तासभर पाहावे. एवढ्याने चित्रात काही उणे होत नाही.

हर्णै किनारा

निर्णय झाला: १५० मिमी एफ/८. उठावाच्या हिशेबात ती १०२ मिमीच्या भिंगापेक्षा मागे नाही, जोडताऱ्यांना व्यास जास्त मिळतो, दवाचा त्रास कमी आहे आणि खारी हवा लागलीच तर मुलामा पुन्हा चढवता येतो. स्वाती नक्षत्र यांचा उचलून नेण्याचा मुद्दा मला पटला आहे, म्हणून नळी आणि बैठक दोन्ही पडवीतच राहतील अशी सोय करतो आहे. बैठक पार्टिकल बोर्डाची येते असे दुकानदार म्हणाला. पावसाळ्यात ती फुगेल का?

काचकाम

फुगेल, आणि फुगली की फिरताना अडकेल. २०० पटींवर ग्रह पाहताना बैठक झटका देत सरकली तर आरशाचा चांगुलपणा निरुपयोगी ठरतो. त्याच मापाची बैठक सुताराकडून मरीन प्लायची करून घ्यावी. कापलेल्या कडा आणि स्क्रूंची भोके पॉलियुरेथेनचे दोन हात देऊन बंद करावीत, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरावेत, आणि तळाच्या तीन पायांखाली रबरी तुकडे लावावेत, म्हणजे सारवलेल्या जमिनीची ओल वर चढणार नाही. ज्यांवर बैठक सरकते ते टेफ्लॉनचे तुकडे जुन्या बैठकीतून काढून तसेच वापरता येतात. मापे काढताना दोन्ही बाजूंच्या फळ्यांमधली जागा नळीपेक्षा किंचित जास्त ठेवावी. मरीन प्लायही जुलैत थोडी ओल घेतेच.